समुद्रापर्यंतची सीट

डोंगरातल्या त्या गावात घाट चढून आलेले मालट्रक इंजिन गार करायला जिथे थांबतात, तिथेच सीटवाल्या मामांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शटर, मागे गल्लीत उघडणारं दार, आणि मधे गाड्यांतून उपटून आणलेल्या सीटांची अशी दाटी, की नवख्या माणसाला वाटावं, आत एखादी बस उलटली असावी. फोमच्या लाद्या, काथ्याचे बोजे, रेग्झिनच्या गुंडाळ्या, आणि या सगळ्यातून वाट काढत फिरणारे मामा. ते कुणाचे सख्खे मामा नाहीत. त्यांना बहीणच नाही. पण गावात ज्याची म्हणून कंबर धरली असेल त्याने त्यांना मामा म्हणावं, असं कधीतरी ठरून गेलं आहे.

मामांचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे ते माप घेत नाहीत. गळ्यात टेप असते, पण ती शोभेची. गिऱ्हाईक दारातून आत येऊन स्टुलावर बसेपर्यंत मामा त्याच्याकडे एकदा नीट बघतात आणि म्हणतात, "झालं. परवा या." दुसरी गोष्ट खडूची. सीट तयार झाली की पाठीच्या गादीवर, माणसाची कंबर जिथे टेकायला हवी तिथे, मामा खडूने एक ठसठशीत फुली मारतात. गिऱ्हाइकाने बसायचं, गाडीतून एक फेरी मारून यायचं, उतरायचं आणि मामांकडे पाठ करून उभं राहायचं. कंबरेपाशी कपड्यावर फुली उमटली असेल तर सीट पास. नसेल तर मामा एक अक्षर न बोलता सीट पुन्हा उसवायला घेतात. कंबरेवर खडू घेऊन हिंडणारा ड्रायव्हर दिसला की गावातले चावट लोक म्हणतात, "लागली वाटतं मामांकडे हजेरी!" हजेरी लागलेल्याला त्याचं काही वाटत नाही. कंबर सुखात असली की माणूस थट्टाही सुखाने ऐकतो.

पण हाताला यश असलेल्या माणसांना एक खोड लागते, ती मामांनाही लागली होती. आपलं चुकत नाही, असं लोक इतकी वर्षं म्हणत आले होते की मामांना ते पटलं होतं.

दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या, तिथे मामा आणि मामी राहतात. मामी बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत नोकरीला होत्या. खिडकीतली खुर्ची सरकारी. तिचा एक पाय आखूड, बसायची जागा खचलेली. पण सरकारी मालाला बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही असा नियम, आणि मामी नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हेत. साऱ्या गावाच्या कंबरा सांभाळणाऱ्या माणसाच्या बायकोची कंबर अशी सरकारजमा झाली. निवृत्त होईपर्यंत दोन मणके दबले होते. सलग बसणं जमेना. जेवता जेवता त्या मधेच उठत, ताट हातात घेऊन खिडकीपाशी उभ्या राहत आणि उरलेलं जेवण उभ्यानेच संपवत. तोंडाने मात्र हूं की चूं नाही.

मामींची थोरली बहीण, म्हणजे ताई, सरहद्दीपलीकडे समुद्रकाठच्या गावात दिलेली. लग्न झालं तेव्हा खिंडीपलीकडचा नाका उघडा होता, सकाळी निघालेली वरातीची गाडी तिथून हसतखेळत गेली होती. पुढे दोन देशांचं बिनसलं. नाका बंद झाला आणि वर्षानुवर्षं बंदच राहिला. ताईंना मुलं झाली, ती मोठी झाली, यजमान गेले, आणि दोघी बहिणी फोनवर बोलता बोलता म्हाताऱ्या झाल्या. मग एका उन्हाळ्यात नाका पुन्हा उघडला. मामी हरखल्या, पण कंबरेकडे बघून गप्प बसल्या. त्याच हिवाळ्यात एका रविवारी ताईंचा फोन आला.

"डोळे चाललेत गं माझे," ताई म्हणाल्या. "कडेकडेनं अंधार आत येतोय. डॉक्टर म्हणतात, आता हे थांबणार नाही. पुढच्या वर्षी उजेड आहे की अंधार, एवढंच कळेल म्हणतात."

"अगं, पण परवा फोनवर तर बघत होतीस मला!"

"त्या पडद्यावर तू मला काडेपेटीएवढी दिसतेस. आहेत तेवढ्या डोळ्यांनी एकदा तुला धड बघू दे. मला काही या डोळ्यांनी इकडून कुणी सोडायचं नाही. तूच ये."

मामींनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मामा समोरच चहा पीत होते. त्यांना फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. मामींनी संसारात हट्ट करून काही मागितलं, असं त्यांना आठवत नव्हतं.

"अहो, मला जायचंय," मामी म्हणाल्या.

"जाऊ," मामा म्हणाले, आणि कप खाली ठेवला.

ठरलं. म्हणजे दोघांचं ठरलं. बाकीच्यांचं अजून व्हायचं होतं. मोठ्या शहरात नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वेड लागलंय का? आईला गाडीतून एवढं लांब? विमानानं जा."

"विमानाची सीट मला उसवू देतील का?" मामांनी विचारलं.

लेकीने कपाळाला हात लावला असावा, कारण पलीकडून नुसताच उसासा ऐकू आला. विमानतळ डोंगराच्या भलत्याच अंगाला, मधे दोनदा विमान बदलायचं, आणि प्रत्येक ठिकाणी त्या लोखंडी बाकांवर ताटकळायचं, हे तिलाही ठाऊक होतं. बसचा प्रश्नच नव्हता. मामींनी आयुष्यभर ज्या बसची तिकिटं फाडली ती कुणाच्या कंबरेसाठी थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तेव्हा राहिली घरचीच गाडी. जुनी, लांबोडकी, मागच्या भागात कायमचा काथ्याचा वास भरलेली. पण इंजिन खणखणीत होतं.

रस्त्याची माहिती द्यायला उस्ताद आले. उस्ताद म्हणजे त्या रस्त्यावर मालट्रक चालवून केस पांढरे केलेला माणूस आणि मामांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. नाका उघडल्यापासून ते पुन्हा समुद्रापर्यंत जाऊ लागले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी साखरेचा डबा मधोमध ठेवला आणि ती खिंड झाली. चमचा हा खिंडीपलीकडचा पूल, मिठाची बाटली म्हणजे नाका, आणि टेबलाच्या पार टोकाला बशी. तो समुद्र.

"हे बघा मामा, इथून निघालात की पहिला थांबा थेट पुलापलीकडे. मी तर मधे थांबतच नाही."

"तुमच्या कंबरेखाली माझी सीट आहे, म्हणून थांबत नाही," मामा म्हणाले. "हिचं तसं नाही. उस्ताद, मला अंतर सांगू नका. थांबायच्या जागा सांगा. गाडी उभी करून हिला जरा चालता येईल, पडता येईल, अशा."

उस्ताद विचारात पडले. ज्या रस्त्यावर आपण कधी थांबलोच नाही त्याबद्दल असं काही विचारलं तर माणूस गडबडतो. मग एकेक आठवायला लागलं. खिंडीच्या अलीकडे रस्त्याच्या डागडुजीवाल्यांची खोली होती, आत खाटा होत्या. पुलापाशी पेट्रोल पंप होता, त्याच्यामागे झाडं होती. नाक्यावर रांगेत किती वेळ जाईल त्याचा भरवसा नाही, पण रांगेत गाडीतून उतरून चालायला कुणी मना करत नाही. हे ऐकून मामी खूश झाल्या.

"रांग म्हणजे माझ्या सोयीचीच की," त्या म्हणाल्या. "जन्मभर लोकांना रांगेत उभं केलं, आता मी उभी राहते."

"पलीकडे गेलात की एक लक्षात ठेवा," उस्ताद म्हणाले. "तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवायची. पहिले काही तास हात चुकतो, डोळ्यांत तेल घालून चालवा."

मामी खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या टेबलापाशी आल्या, मिठाच्या बाटलीपलीकडे बोट ठेवून जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे पलीकडे माझं दार रस्त्याच्या मधल्या अंगाला उघडणार. मला उतरायला वेळ लागतो. मागून ट्रक आला तर?"

उस्तादांनी मामांकडे बघितलं, मामांनी उस्तादांकडे. एवढा मोठा रस्ता, एवढे दोन जाणते पुरुष, आणि ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मग पलीकडच्या सगळ्या थांब्यांचा पुन्हा विचार झाला. रस्त्याकडेला थांबायचं नाही. पंपाचं आवार, शाळेचं मैदान, वखारीचं अंगण, जिथे गाडी पुरती आत घेता येईल तिथेच थांबायचं. हळूहळू साखरेच्या डब्यापासून बशीपर्यंत बिस्किटांचे तुकडे मांडले गेले. एकेक तुकडा म्हणजे मामींची एकेक विश्रांती. उठताना उस्तादांनी त्यांतली दोन विश्रांतिस्थानं सवयीने तोंडात टाकली आणि मामी म्हणाल्या, "अहो उस्ताद, पुलाजवळचा पंप खाल्लात!"

खिंड उन्हाळ्यात उघडते आणि पहिल्या बर्फाबरोबर बंद होते. येत्या उन्हाळ्यात एवढ्या अवधीतच जायचं, कारण ताईंचे डोळे त्यापुढच्या उन्हाळ्याची वाट बघणार नव्हते. घोडं अडलं होतं ते फक्त सीटपाशी, आणि सीट म्हणजे तर मामांच्या घरचीच गोष्ट.

त्याआधी मामी व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेल्या, मामाही सोबत गेले. डॉक्टरीण लेकीच्या वयाची होती. तिने मामींना उभं केलं, वाकवलं, बसवलं आणि म्हणाली, "जाऊ शकाल. पण तळपाय पूर्ण टेकलेले हवेत आणि पाठ मागे टेकलेली हवी. अधांतरी बसायचं नाही. मामा, सीट करण्याआधी यांची नीट मापं घ्या बरं का. आता पूर्वीसारखं नाही."

"हो हो," मामा म्हणाले, आणि दाराबाहेर पडण्याआधीच त्यांनी ते कानामागे टाकलं. जिन्यावर तर फुरफुरलेच. "मला मापं घ्यायला सांगते!"

"मग घ्या की," मामी म्हणाल्या.

"तुझं काय माप घ्यायचं? तू मला तोंडपाठ आहेस."

मामी हसल्या. बाईमाणसाला हे ऐकून बरं वाटतं. पण घोडं इथेच पेंड खाणार होतं, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

बर्फ वितळेपर्यंत मामांनी बाहेरचं काम जवळजवळ बंद ठेवलं. मोडीत निघालेल्या एका गाडीतून फिरती बैठक मिळवली, म्हणजे मामींना कंबर न पिळता दाराकडे तोंड करून उतरता येईल. खाली स्प्रिंगा, त्यावर काथ्याचा थर, त्यावर दोन जातींचा फोम. रेग्झिन उन्हात तापतं, म्हणून वरून जाड सुती कापड, मामींच्या आवडीचं, निळं. टाके तर असे की उस्ताद म्हणाले, "मामा, यावर बसायचं की भिंतीवर लावायची?" मामी मधूनमधून खाली येत, दारातूनच बघत आणि चहा ठेवून वर जात. मामा मान वर करून त्यांच्याकडे बघतही नसत. ज्या डोळ्यांनी सगळ्या गावाला मापलं ते डोळे सीटवरच खिळलेले होते.

शेवटी कंबरेच्या जागी फुली मारली आणि सीट गाडीत बसवली. खिंड उघडली होती. रंगीत तालीम म्हणून नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. मामी चढल्या, बैठक फिरवून मामांनी त्यांना समोर वळवलं, पट्टा लावला.

"कसं वाटतंय?"

"छान," मामी म्हणाल्या.

डागडुजीवाल्यांच्या खोलीपाशी विचारलं, तिथेही छान. खिंडीत विचारलं, छान. नाक्यावर दोघं उतरून उभे राहिले. आडव्या दांडीपलीकडे तोच रस्ता पुढे वळणं घेत खाली जात होता. मामींनी दांडीवर हात ठेवला. "इथूनच गेली होती ताई," त्या म्हणाल्या. "आम्ही इथवर पोचवायला आलो होतो. मी गाडीमागे पळत सुटले. बाबांनी धरून आणलं." मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर मामी फारसं बोलल्या नाहीत, आणि मामांना वाटलं, आठवणीत असतील.

घरापाशी गाडी थांबली, बैठक दाराकडे फिरली, आणि मामींना उठता येईना. पाय बधिर झाले होते, कंबर अशी धरली होती की श्वास घ्यायची चोरी. समोरचा पाववाला धावत आला, उस्ताद आले, आणि तिघांनी मिळून, खुर्चीत बसवून, त्यांना वर नेलं. त्या गडबडीत मामींची पाठ बघायचं, फुली उमटली का ते बघायचं, कुणाच्या ध्यानात राहणार?

मामी कितीतरी दिवस अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरीण येऊन गेली. मामांनी तिला काही विचारलं नाही. ज्या सीटमध्ये आपण जीव ओतला ती घेऊनही जमलं नाही, म्हणजे मामींची पाठच आता संपली, असं त्यांनी मनाशी धरलं. रविवारी ताईंचा फोन आला.

"ताई, या वर्षी काही जमायचं नाही असं दिसतंय," मामी पडल्या पडल्या म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की."

ताई म्हणाल्या, "बरं. तू जप स्वतःला."

बस, एवढंच. मामा दारात उभे होते. ते "बरं" त्यांच्या काळजात रुतलं. पुढच्या उन्हाळ्यात काय असणार, ते तिघांनाही माहीत होतं. मामा खाली गेले आणि दिवसभर एकही टाका न घालता नुसते बसून राहिले.

उन्हाळा उतरणीला लागला. मामी हिंडू-फिरू लागल्या, पण प्रवासाचं नाव काढेनात. एके दिवशी उस्ताद एका ओळखीच्या ड्रायव्हरला घेऊन आले. त्यालाही फिरती बैठक हवी होती. "तुमची पडूनच आहे, मामा," उस्ताद दबकत म्हणाले. मामांच्या जिवावर आलं, पण ते पाना घेऊन गाडीत शिरले. नट सैल केले, सीट उचलली, दुकानात आणून उजेडात ठेवली. कापड उसवायला दाभण हातात घेतला आणि थांबले.

फुली जिथल्या तिथे होती.

पुसट नव्हती, फिसकटलेली नव्हती. काढली तशी, पांढरीशुभ्र. त्या पाठीला कुणी टेकलंच नव्हतं. मामांनी बसायची गादी चाचपली. मागचा भाग कोरा करकरीत, आणि पुढची कड तेवढी दबलेली, कापड तिथेच चुरगळलेलं. नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून परत, तो सगळा खाचखळग्यांचा घाट मामी नुसत्या कडेवर बसून गेल्या होत्या.

बसलेल्या माणसाची सीट मामांना वाचता येते. कडेवर कोण बसतं? मागे सरकलं तर ज्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत, तो. ते सीटच्या उंचीकडे बघत राहिले. फिरत्या बैठकीने ती आणखी वर उचलली गेली होती, आणि पाठीचा उभार मामींच्या कंबरेच्या बराच वर राहिला होता. ही सीट त्यांनी एका बाईसाठी केली होती. ती बाई तिकिटाच्या खिडकीत ताठ बसायची, तिच्या गुडघ्यांची उंची, पाठीचा बाक, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण ती बाई आता कुठे होती? दोन मणके दबले, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामांनी मान हलवली होती. दबलेला फोम खाली बसतो, हे ज्याला शेंबड्या वयापासून ठाऊक, त्याला दबलेलं माणूस खाली येतं हे सुचलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे ते नीट बघत. घरच्या माणसाकडे बघायचं राहून गेलं होतं.

"काय झालं, मामा?" उस्तादांनी विचारलं.

"ही सीट द्यायची नाही," मामा म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

मामी स्वयंपाकघरात होत्या. फळीवरचा चहाचा डबा काढायला त्या एका बुटक्या स्टुलावर चढल्या होत्या. मामा दारातच थांबले.

"हे स्टूल कधीपासून आहे इथे?"

"अहो, झाली की बरीच वर्षं," मामी उतरत म्हणाल्या. "तुम्हीच तर आणून दिलंत. मी म्हटलं, फळी उंच पडते, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आणलंत."

आणलं होतं खरं. वरून गादीसुद्धा शिवून दिली होती. फळी कशी काय उंच झाली, एवढं मात्र विचारलं नव्हतं. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाक्याला जाताना तुझे पाय लोंबकळत होते," ते म्हणाले. "बोलली का नाहीस?"

मामी चहाच्या डब्याचं झाकण उघडबंद करत राहिल्या. "तुम्ही इतका जीव ओतला होतात. आणि मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. तुमची सीट आजवर कुणाला चुकलीय का?"

मामांनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा जरा."

"आता या वयात मापं?" मामी हसल्या, पण भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मामांनी खांद्यापासून कंबरेपर्यंत मोजलं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं. मग खाली गुडघ्यांवर बसले आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली. तिथेच त्यांना रडू आलं. मामींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती कमी झाले हो मी?"

मामांनी सांगितलं. खोटं नाही सांगितलं.

"अगं बाई! म्हणजे आईएवढीच झाले," मामी म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. कुणीतरी नीट बघितलं, मोजलं, याचंच बरं वाटत होतं.

त्यानंतर मामांच्या हाताला उसंत नव्हती. बैठक खाली घेतली, गादीची लांबी कापली, पाठीचा उभार खाली आणला, आणि पायांखाली लाकडी पाट बसवून त्याच्यावर जुन्या काथ्याची गादी ठोकली. दर टप्प्याला मामींना खाली बोलावलं, बसवलं, बघितलं. डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं आणि "आता तुम्हीच सांगा," असं तिला सगळ्यांदेखत म्हणाले. तिने मामींच्या पाठीमागे हात घालून बघितलं आणि म्हणाली, "आता बसलं." ज्या ड्रायव्हरला फिरती बैठक हवी होती त्याला मामांनी दुसरी शोधून दिली. एवढं झाल्यावर सीटवर नवी फुली मारली आणि दोघं पुन्हा खिंडीपर्यंत जाऊन आले. मामी आपल्या पायांनी उतरल्या आणि न सांगता मामांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कंबरेपाशी खडू उमटला होता. समोरच्या पाववाल्याने दुकानातून टाळी वाजवली.

मग मात्र घाई झाली. डोंगरमाथ्यावर ढग उतरायला लागले होते. लेक रजा टाकून आली, ओरडली, रडली आणि शेवटी गरम पाण्याची पिशवी, उशा आणि औषधं तिनेच गाडीत नीट लावली. उस्तादांनी टायरची हवा आपल्या हाताने तपासली आणि बजावलं, "उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. गियरवर उतरा." सकाळी धुकं वर गेल्यावर दोघं निघाले. बिस्किटांच्या तुकड्यांनी ठरवलेल्या जागी थांबत, मामी चालत, पडत, पुन्हा बसत. नाक्यावर रांगेत मामी इतका वेळ ताठ उभ्या राहिल्या की शिपायाने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. मामांनी त्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि "नको, उभीच बरी," असं मामींच्या वतीने सांगितलं. पलीकडे गाडी उजव्या अंगाला घेतली. एकदा हात चुकला, मामी ओरडल्या, समोरच्याने शिव्या दिल्या, आणि त्यानंतर चुकला नाही. डोंगर मागे पडले, हवा जड झाली, झाडं बदलली. एका दुपारी मामींनी काच खाली केली आणि वारा नाकाला ओला लागला.

ताईंचं घर शेवटच्या गल्लीत होतं. गाडी अंगणात पुरती आत घेऊन मामांनी बैठक फिरवली. ताई पायरीवर उभ्या होत्या, एक हात दाराच्या चौकटीला, मान इकडून तिकडे फिरवत, कारण त्यांना आता मधलंच तेवढं दिसत होतं. ऊन लख्ख होतं. मामी चालत त्यांच्या अगदी समोर जाऊन थांबल्या. ताईंनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, उजेडाकडे वळवलं, डोळ्यांच्या अगदी जवळ आणलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हात खांद्यांवर आले, दंडांवरून खाली गेले.

"अगं, किती लहान झालीस गं तू!" ताई म्हणाल्या.

"हो ना," मामी म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी मागे वळून मामांकडे बघितलं. "किती ते ह्यांना विचार. ह्यांनी मोजलंय."